बंद पडलेला दिवा फेकण्याआधी

शाबान महिना संपायला आठ दिवस राहिले होते. संध्याकाळी आम्ही मंडईत मामूंच्या गाळ्यावर गेलो. मामूंचे घराणे बागवानांचे. वडिलांपासून फळांचा धंदा. आम्ही पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आजूबाजूचे गाळे उजळलेले आणि मामूंचा गाळा अर्धा काळोखात. चार दिव्यांपैकी दोन बंद, तिसरा डोळा मारल्यासारखा लागत होता, विझत होता. एक बाई पपई हातात घेऊन उजेडाकडे वळवून पाहू लागल्या. नीट दिसेना म्हणून पपई खाली ठेवून त्या पुढच्या गाळ्यावर गेल्या.

मामू काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "बेटा, वर्षभरात आठ दिवे घेतले. डब्यावर पंचवीस हजार तास लिहिलेलं असतं. इथं आठ महिनेही टिकत नाहीत. रमजानमध्ये इफ्तारच्या आधीचा एक तासच तर धंद्याचा. त्या तासाला अंधार असेल तर काय करायचं?"

हिशोब आम्ही मनात केला. रोज बारा तास धरले तर पंचवीस हजार तास म्हणजे साडेपाच वर्षांहून अधिक. आठ महिने म्हणजे तीन हजार तासही नाहीत. एकतर डब्यावरचा आकडा खोटा, नाहीतर गाळ्यावर काहीतरी चुकत होते. पुढे कळले की दोन्हींत थोडेथोडे तथ्य होते.

ओट्याखाली एक पोते होते. त्यात गेल्या दोन वर्षांतले मेलेले दिवे मामूंनी टाकून ठेवले होते. भंगारवाल्याला द्यायचे म्हणून ठेवलेले आणि राहून गेलेले. पोत्याकडे पाहत मामूंचा नातू हळूच म्हणाला, "सर, यातले निम्मे तरी जिवंत असतील."

तो आम्हाला नात्याने चाचा म्हणू शकतो, पण शाळेत आमच्या वर्गात होता, म्हणून 'सर'च म्हणतो. दहावीला गणितात राहिला. पुन्हा बसला, पुन्हा राहिला. मग बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका दुरुस्तीच्या दुकानात बसू लागला. मामूंना ते पसंत नव्हते. घरचा गाळा सोडून दुसऱ्याच्या दुकानात वायरी जोडायच्या, हे त्यांना कमीपणाचे वाटे. आमचेही मत फार वेगळे नव्हते. त्याच्या प्रगतीपुस्तकावर आम्हीच लिहिले होते, 'अभ्यासात लक्ष नाही.'

पुढच्या रविवारी जोहरनंतर मामूंच्या घरी ते पोते उघडले. त्या दुपारी आम्ही जे पाहिले आणि शिकलो, ते आपल्या वाचकांच्या घरी, दुकानी कामी येईल म्हणून इथे लिहीत आहोत.

दिव्याच्या आत काय असते

जुन्या पिवळ्या बल्बमध्ये एक तार तापून उजळायची. तार तुटली की बल्ब संपला. त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते. एलईडीचे तसे नाही. चार फुटी पट्टीत मुख्य वस्तू दोन. एक, अॅल्युमिनियमच्या पातळ पाटीवर बसवलेले पिवळसर ठिपके. हेच खरे दिवे. दुसरी, एका टोकाला लपलेली लहानशी सर्किटची पट्टी, तिला ड्रायव्हर म्हणतात. घरातली वीज 230 व्होल्टची आणि सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होणारी. एलईडीला मात्र एकाच दिशेने वाहणारा, ठरावीक मापाचा करंट लागतो. तो बदल ड्रायव्हर करतो.

ठिपका पिवळा का दिसतो, हे मुले विचारतात. आतला दिवा खरे तर निळा असतो. त्यावर पिवळ्या रसायनाचा थर दिलेला असतो. निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरा उजेड दिसतो. हा निळा एलईडी बनवणे फार अवघड होते. लाल एलईडी 1962 मध्ये आला, पण उपयोगी निळा तयार व्हायला जवळजवळ तीस वर्षे लागली. त्यासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. दुसऱ्याच वर्षी, 5 जानेवारी 2015 रोजी, आपल्याकडे उजाला योजना सुरू झाली आणि पुढे 36 कोटींहून अधिक एलईडी बल्ब देशभर वाटले गेले.

फायदा खराच आहे. जुनी ट्यूब 40 वॉटची, वर चोक दहा-पंधरा वॉट खाई. म्हणजे एका ट्यूबला सुमारे 54 वॉट धरा. चार ट्यूब बारा तास जळल्या तर रोज अडीच युनिटच्या वर. 20 वॉटच्या चार एलईडी पट्ट्यांना तेवढ्याच वेळात एक युनिटही लागत नाही. रोज दीड युनिट वाचले. पण वर्षाला आठ दिवे विकत घ्यावे लागले, तर वाचलेल्या पैशातला बराचसा दिव्यांतच जातो.

पोत्यात काय निघाले

पोत्यात अकरा पट्ट्या होत्या. नातवाने जमिनीवर चादर अंथरली आणि त्या एकेक करून मांडल्या. हातात एक मल्टिमीटर, एक स्क्रू ड्रायव्हर, चिमटी आणि सोल्डरिंगची गन. एवढ्याच वस्तू.

दोन पट्ट्यांना काहीच झालेले नव्हते. टोकाच्या कनेक्टरमध्ये वायर सैल बसून काळी पडली होती. वायर कापून, नवी सोलून, घट्ट बसवली आणि दोन्ही लागल्या. मामू पाहतच राहिले. या दोन दिव्यांचे पैसे त्यांनी उगाच दोनदा मोजले होते.

सहा पट्ट्यांत ठिपके ठीक होते, ड्रायव्हर गेलेला होता. त्यात एक उभी, डबीसारखी वस्तू असते, तिला कपॅसिटर म्हणतात. जुने मेकॅनिक कंडेन्सर म्हणतात. सहापैकी चारमध्ये त्या डबीचे डोके फुगून वर आले होते. मल्टिमीटर नसताना नुसत्या नजरेनेही हे कळते.

दोन पट्ट्यांत ड्रायव्हर ठीक, पण ठिपक्यांत एकावर मोहरीएवढा काळा डाग. तो ठिपका जळला होता. ठिपके माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. माळेतला एक तुटला की ती सगळी माळ विझते.

अकरावी पट्टी मात्र गेलेलीच होती. आत पाणी शिरून पाटी गंजली होती. तिच्यातले चांगले ठिपके काढून वरच्या दोघींना लावले.

अकरापैकी दहा लागण्यासारख्या निघाल्या. म्हणजे पोत्यात कचरा नव्हता, मामूंची कमाई पडून होती.

सहा ड्रायव्हर विकत आणायचे होते. कोणत्या मापाचे, हे ठरवताना नातवाने ठिपके मोजले. साठ ठिपके, वीस-वीसच्या तीन माळा. तो स्वतःशीच बोलत होता, "एका ठिपक्याला तीन व्होल्ट, विसाला साठ व्होल्ट. पट्टी अठरा वॉटची. अठरा भागिले साठ, शून्य पूर्णांक तीन. तीनशे मिलीअँपिअर." कागद नाही, पेन नाही. आम्ही ज्या मुलाला दोन वर्षे दशांश अपूर्णांक शिकवू शकलो नाही, तो आमच्यासमोर तोंडी दशांशाचा भागाकार करत होता. आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखे तोंडही नव्हते.

ड्रायव्हर साठ-सत्तर रुपयांना एक असे मिळाले. नवी पट्टी त्याच्या तिप्पट-चौपट किमतीची.

दिवे मरत का होते

दुरुस्ती झाली, पण कारण कळल्याशिवाय काम अर्धेच. सोमवारी सकाळी आम्ही गाळ्यावर गेलो आणि वर पाहिले, तेव्हा उत्तर डोळ्यांसमोर होते.

मंडईत भाजीवर, फळांवर दिवसातून अनेकदा पाणी मारतात. शिंतोडे आणि धूळ दिव्यांवर जाऊ नये म्हणून मामूंनी प्रत्येक पट्टी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून दोऱ्याने बांधली होती. हेतू चांगला, परिणाम उलटा. एलईडी हाताला पिवळ्या बल्बइतका गरम लागत नाही, पण त्यालाही उष्णता असते. ती मागच्या अॅल्युमिनियमकडून हवेत जायला हवी. प्लास्टिकने ती अडवली. कपॅसिटरच्या आत द्रव असतो. उष्णतेने तो हळूहळू सुकतो. मेकॅनिकांचा ढोबळ नियम असा की आतले तापमान दहा अंशांनी वाढले की कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते. वीस अंश वाढले तर पाव. पंचवीस हजार तासांचे तीन हजार कसे झाले, ते इथे कळते.

दुसरे कारण वायरिंग. चारही पट्ट्या एकाच पातळ वायरवर, जोडाजोडाला पीळ देऊन टेप गुंडाळलेली. टेप ओलाव्याने सुटलेली. सैल जोडातून ठिणगी उडते, तिथे वायर तापते आणि प्रत्येक ठिणगीचा झटका ड्रायव्हरला बसतो.

तिसरे कारण खुद्द माल. सगळ्यांत स्वस्त म्हणून घेतलेल्या पट्ट्यांवर ना मापाचा नीट उल्लेख, ना भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक.

प्लास्टिक काढले. पट्ट्या शिंतोडे पोहोचणार नाहीत इतक्या वर, छतापासून दोन बोटे अंतर सोडून बसवल्या. वायर नवी टाकली, जोड बंद डबीत घेतले. ते काम मात्र परवानाधारक वायरमनकडून करून घेतले.

तपासण्याचा क्रम

दिवा बंद पडला की लगेच नवा आणू नका. या क्रमाने पाहा.

1. शेजारचे दिवे लागतात का? अख्खी रांग एकदम गेली असेल, किंवा सगळ्यांचे दिवे अचानक फार प्रखर होऊन विझले असतील, तर दोष दिव्याचा नाही. बाजारासारख्या थ्री फेज पुरवठ्यात न्यूट्रल सुटला की काही गाळ्यांत व्होल्टेज फार चढते. तेव्हा मेन बंद करून वायरमनला किंवा महावितरणला कळवावे. नवा दिवा लावला तर तोही जाईल.

2. अदलाबदल करा. मेन बंद करून चालू दिवा बंद दिव्याच्या जागी लावा. तो तिथे लागला तर दोष काढलेल्या दिव्यात. नाही लागला तर दोष वायर, होल्डर किंवा बटणात. यात एक रुपयाही खर्च नाही, आणि निम्मा प्रश्न इथेच सुटतो.

3. बिल शोधा. चांगल्या दिव्यांना बहुधा एक-दोन वर्षांची वॉरंटी असते. ती चालू असेल तर दिवा उघडू नका, दुकानातून बदलून घ्या. एकदा उघडला की वॉरंटी गेली. नवा दिवा घेताना तारीख त्याच्या पाठीवर लिहून ठेवण्याची सवय लावा.

4. लक्षणे ओळखा. दिवा अजिबात लागत नाही: जोड, ड्रायव्हर किंवा माळेतला ठिपका. काही सेकंद लागतो, विझतो, पुन्हा लागतो: ड्रायव्हर कमजोर झाला, किंवा एखादा ठिपका तापला की सुटतो आणि गार झाला की पुन्हा जुळतो. पट्टीचा एक भाग काळा: त्या भागातली माळ तुटली. उजेड हळूहळू मंद झाला: ठिपके वयाने थकले, आता दुरुस्तीत अर्थ नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यात काळे पट्टे फिरताना दिसले तर दिवा सेकंदाला शंभर वेळा थरथरतो आहे. डोळ्याला ते थेट दिसत नाही, पण त्यात वाचणाऱ्याचे डोके दुखू शकते. मुलांच्या अभ्यासाच्या जागी असा दिवा ठेवू नये.

5. बटण बंद केल्यावरही दिवा मंद जळत राहतो. याकडे दुर्लक्ष करू नका. कधी बटणातल्या लहान लाल दिव्यामुळे तसे होते, ते निरुपद्रवी. पण बऱ्याचदा वायरिंग करताना बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असते. मग बटण बंद असले तरी दिव्यात वीज उभी असते.

6. ड्रायव्हर बदलताना मिलीअँपिअरचा आकडा जुन्याइतकाच किंवा थोडा कमी घ्या, जास्त नको. व्होल्टेजची मर्यादाही पाहा. आपल्या माळेचे व्होल्ट त्या मर्यादेत बसले पाहिजेत. नुसते 'वीस वॉटचा द्या' म्हणणे पुरेसे नाही. जुना ड्रायव्हर सोबत न्यावा, हे उत्तम.

7. जळलेल्या ठिपक्याच्या जागी त्याच मापाचा ठिपका लावावा. काही जण जळलेल्या ठिपक्यावर सोल्डरचा थेंब टाकून माळ जोडतात. दिवा लागतो, पण काही सर्किटांत बाकीच्यांवर भार वाढतो. रमजानची रात्र निभावण्यापुरते ठीक, कायमचा उपाय म्हणून नाही.

8. जुन्या ट्यूबच्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवताना डब्यावरची आकृती पाहा. बहुतेक ट्यूबना जुना चोक आणि स्टार्टर काढावा लागतो. काहींना वीज एकाच टोकाला द्यायची असते. टोक चुकले तर शॉर्ट होतो.

हात कुठे थांबवावा

तीन वर्षांपूर्वी आम्ही घरच्या स्वयंपाकखोलीतला दिवा काढायला स्टुलावर चढलो. बटण बंद केले होते. तरी हाताला असा झटका बसला की स्टुलावरून खाली आलो. घर बांधताना वायरिंग करणाऱ्याने बटण न्यूट्रलवर दिले होते. अल्लाहच्या कृपेने मनगट मुरगळण्यावर भागले. त्या वेळी मुलगी स्टूल धरून उभी होती. आजही ते आठवले की जीव दचकतो.

म्हणून बटणावर विसंबू नका, मेन स्विच किंवा एमसीबी खाली करा. मग टेस्टरने पाहा. त्यानंतरही दोन-तीन मिनिटे थांबा, कारण कपॅसिटर आपल्या पोटात वीज साठवून ठेवतो. स्वस्त ड्रायव्हरांत आतली बाजू मेन विजेपासून वेगळी केलेली नसते. 'ठिपक्यांना तर साठच व्होल्ट' असे समजून चालू पट्टीच्या पाटीला बोट लावू नका. त्या साठ व्होल्टांमागे 230 व्होल्ट उभे असतात. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून विजेचे काम कधीही करू नये. मंडईची जमीन तर सदा ओली. मुलांना आणि घरातल्या इतरांना सांगून, मेनजवळ एक माणूस उभा करूनच काम करा. शक्य असेल त्याने 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. वीज शरीरातून जमिनीकडे जाऊ लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो.

वायर जोडणे, पट्टी बदलणे, डाग पाहणे एवढे घरी होईल. ड्रायव्हर उघडून सोल्डर करणे जाणत्याचे काम आहे. मेन बोर्डाला हात लावणे फक्त वायरमनचे.

फळाला कोणता उजेड?

दिवे लागले, तेव्हा एक नवाच प्रश्न आला. मामूंना कोणीतरी सल्ला दिला होता की सफरचंदांवर लालसर आणि पालेभाजीवर हिरवट उजेड टाका, माल ताजा दिसतो, गिऱ्हाईक वळते. मामूंनी नातवाला विचारले, "असे दिवे बनवून देशील?"

तो म्हणाला, "देईन, आजोबा. पण त्या उजेडात सफरचंदावरचा डाग तुम्हालाही दिसणार नाही."

उजेडाचा रंग आणि प्रामाणिकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डब्यावर 3000 के लिहिलेला दिवा पिवळसर, 4000 के मधला, 6500 के निळसर पांढरा. त्यात खोटे काही नाही, आवडीचा भाग आहे. पण सीआरआय नावाचा एक आकडा असतो. वस्तूचे रंग सूर्यप्रकाशात दिसतात तसे दिव्यात किती खरे दिसतात, याचे ते माप. शंभर म्हणजे पूर्ण खरे. दुकानासाठी ऐंशीच्या खाली जाऊ नये. फळे, कापड, बांगड्या विकणाऱ्याने नव्वदचा मिळाला तर जरूर घ्यावा.

हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि काहिऱ्यात काम केलेल्या इब्न अल-हैसम यांनी 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात दाखवले की डोळ्यातून किरण बाहेर पडत नाहीत, वस्तूवरून आलेला उजेड डोळ्यात शिरतो तेव्हा आपल्याला दिसते. संयुक्त राष्ट्रांनी 2015 हे प्रकाशाचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा या ग्रंथाची सहस्राब्दीही स्मरली गेली. व्यापाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यात काय जाईल, ते दिवा लावणारा ठरवतो.

सहीह मुस्लिममधली एक घटना आपण सर्वांनी ऐकलेली आहे. प्रेषित (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला. वर कोरडे, आत ओले. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. प्रेषितांनी (स.) त्याला विचारले की मग भिजलेले वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते, आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. मापात मारणाऱ्यांसाठी तर सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये कडक ताकीद आहे. तराजू जसा माप आहे, तसा दिवाही माप आहे. खोटा उजेड हा आत ओले आणि वर कोरडे ठेवण्याचाच प्रकार.

मामू बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "साधा पांढराच लाव. डागाचं सफरचंद मी वेगळ्या टोपलीत ठेवीन आणि निम्म्या भावाने देईन."

मंडईचे नाव

ही मंडई 1886 मध्ये बांधून झाली, तेव्हा तिचे नाव गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून रे मार्केट होते. महात्मा जोतीराव फुले त्या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. इमारतीवर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करा, असे म्हणत त्यांनी या खर्चाला विरोध केला होता. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला फुल्यांचे नाव दिले गेले. आता 2024 पासून तिच्या खालून मेट्रोही धावते.

शिक्षक म्हणून आम्हाला हे नाव त्या दिवसांत वेगळ्याने दिसू लागले. फुल्यांना शिक्षण हवे होते ते कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी. अशाच एका मुलाला आम्ही वर्गात 'लक्ष नाही' म्हणून बाजूला ठेवले आणि त्याचे लक्ष कुठे आहे, हे विचारले नाही. आपल्या समाजात मुलगा दहावीला राहिला की घरच्यांना दोनच वाटा दिसतात, घरचा गाळा किंवा मिळेल ते काम. आयटीआयचा वायरमन हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आठवी उत्तीर्ण मुलालाही खुला आहे. इलेक्ट्रिशियनला दहावी लागते. पुण्यात औंधला सरकारी आयटीआय आहे. हाताला कला असेल तर तिला प्रमाणपत्राची जोड द्यावी. त्याशिवाय परवाना नाही, आणि परवान्याशिवाय मुलगा आयुष्यभर दुसऱ्याच्या दुकानातच बसतो.

दुसरी गोष्ट इस्राफची. पवित्र कुरआनने उधळपट्टी नापसंत ठरवली आहे. आपण ती ताटातल्या अन्नापुरती समजतो. साठ रुपयांच्या भागासाठी अख्खा दिवा फेकणे हीसुद्धा उधळपट्टीच. खरोखर गेलेला दिवाही ओल्या कचऱ्यात टाकू नये, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा. जुन्या ट्यूबलाइटमध्ये तर पारा असतो. ती फोडू नये आणि मुलांना खेळायला देऊ नये.

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पुन्हा मंडईत गेलो. मगरिबला पाऊण तास होता. मामूंच्या गाळ्यावर चारही पट्ट्या लागल्या होत्या. उरलेल्यांपैकी दोन शेजारच्या नारळवाल्या मावशींना दिल्या होत्या. त्यांनी पैसे देऊ केले, तेव्हा मामू म्हणाले, "नातवाने दुरुस्त केलेत, त्यालाच द्या." मावशींनी दोनशे रुपये त्याच्या हातावर ठेवले. मामू ते पाहत होते. आम्ही मामूंकडे पाहत होतो.

पुढे डागाळलेल्या सफरचंदांची टोपली होती आणि तिच्यावर सगळ्यांत चांगला उजेड पडत होता.

नातू आता रविवारी सकाळी आमच्याकडे येतो. जुलैच्या पुरवणी परीक्षेला गणित घेऊन बसणार आहे. पहिल्या दिवशी आम्ही पुस्तक बाजूला ठेवले आणि त्याच्यापुढे एक पट्टी ठेवून म्हणालो, "ठिपके मोज. इथूनच सुरुवात करू."